ग्रंथालयातला मुक्काम : हार्डनच्या ग्लॅडस्टन लायब्ररीचं प्रकरण

पुस्तकं शहराबाहेर नेली की वाचकाच्या झोपण्या-जेवण्याची सोय करावी लागते. वेल्समधल्या ग्लॅडस्टन लायब्ररीची रचना, तिचा पैसा आणि तिच्या अडचणी यांचं मूळ या एका गोष्टीत आहे. आपल्याकडची शंभरी गाठलेली ग्रंथालयं वर्गणी आणि सरकारी अनुदानावर चालतात. हार्डनला नियमित सरकारी अनुदान नाही आणि रोज संध्याकाळी पुस्तक बदलायला येणारा सभासदवर्गही नाही. तरी ती 1902 पासून त्याच वास्तूत उभी आहे.

पेच

हार्डन हे गाव इंग्लंडच्या चेस्टर शहरापासून सहा-सात मैलांवर, वेल्सच्या हद्दीत शिरल्या शिरल्या लागतं. विल्यम युअर्ट ग्लॅडस्टन (1809–1898) चार वेळा ब्रिटनचे पंतप्रधान झाले. त्यांच्या पत्नीच्या माहेरची इस्टेट या गावात होती आणि तिथल्या हार्डन कॅसलमध्ये त्यांचा खासगी ग्रंथसंग्रह होता. ऐंशीच्या उंबरठ्यावर त्यांच्यापुढे आला तो प्रश्न मोठा संग्रह जमवणाऱ्या प्रत्येकालाच पडतो : आपल्यामागे या पुस्तकांचं काय?

नेहमीच्या वाटा दोन. वारसांकडे सोपवायची, म्हणजे एक-दोन पिढ्यांत लिलाव. नाहीतर विद्यापीठाला द्यायची, म्हणजे तिथल्या लाखो पुस्तकांत ती विरघळून जाणार आणि मिळणार फक्त विद्यापीठातल्यांना. ग्लॅडस्टन यांना दोन्ही नको होतं. मुलगी मेरी ड्रू हिने त्यांचा हेतू नोंदवून ठेवला आहे : वाचक नसलेली पुस्तकं आणि पुस्तकं नसलेले वाचक यांची गाठ घालून द्यायची. जागा मात्र निवडली स्वतःच्या गावातली. पुस्तकं नसलेला वाचक हार्डनला येणार कुठून? लिव्हरपूल, मँचेस्टर किंवा आणखी लांबून. म्हणजे तो राहणार, जेवणार, दोन-चार दिवस बसून वाचणार. राहण्याची सोय हा या योजनेचा पायाच होता.

पत्र्याची खोली आणि एकचाकी गाडी

सुरुवात 1889 मध्ये झाली ती तात्पुरत्या इमारतीत. लोखंडी पत्र्याच्या दोन मोठ्या खोल्या आणि अभ्यासाला बसण्यासाठी सहा-सात छोट्या खोल्या. आतून जाड फेल्ट आणि पाइनच्या फळ्यांचं अस्तर. हे अस्तर शोभेसाठी नव्हतं. लोखंडी पत्रा रात्री गार पडला की खोलीतल्या दमट हवेचं पाणी त्याच्या आतल्या अंगाला सुटतं. ते थेंब शेल्फच्या मागून पुस्तकांवर उतरले की चामडी बांधणीला आधी बुरशी धरते, मग कणा सुटतो. फेल्टमुळे आतला पृष्ठभाग इतका गार पडत नाही आणि लाकूड थोडी ओल पिऊन घेतं. आजही कुणी पत्र्याच्या शेडमध्ये पुस्तकं ठेवणार असेल, तर पत्रा आणि शेल्फ यांच्यात असा थर आणि वितभर मोकळी जागा हवीच.

पुस्तकं वाड्यातून इथे आली ती एकचाकी हातगाडीने. अंतर मैलाच्या आतलं. सुमारे 32,000 पुस्तकं, आणि ती हलवणारा माणूस ऐंशीच्या घरातला, मदतीला एक नोकर आणि एक मुलगी. पुस्तकामागे सरासरी अर्धा किलो धरलं तर हे सोळा टन वजन झालं. गाडीत शंभर पुस्तकं मावली असं मानलं तरी तीनशेवर खेपा होतात. पुस्तकं सोडवून शेल्फवर लावण्याचं काम त्यांनी दुसऱ्या कुणावर सोपवलं नाही. यात हौस होतीच, पण व्यवहारही होता. संग्राहकाच्या डोक्यातली मांडणी कागदावर कधी पूर्ण उतरत नाही. हमालांनी लावलेला संग्रह पुन्हा जुळवायला वर्षं जातात, आणि तोवर मालक हयात असेलच असं नाही. दोन खोल्यांचे दोन ढोबळ विभाग होते : एकीकडे ईश्वरविषयक, दुसरीकडे मानवविषयक. धर्मशास्त्र आणि इतिहास-साहित्य ही आजची विभागणी त्यातूनच आली.

शेल्फांचं गणित

ग्लॅडस्टन यांनी 1890 मध्ये पुस्तकं कशी ठेवावीत यावर एक निबंध छापला. तो वाचताना सुतार बोलतोय की अर्थमंत्री, कळत नाही. शेल्फ भिंतीला पाठ लावून उभं करायचं नाही. त्याची कड भिंतीला लावायची आणि ते खोलीत पुढे काढायचं, म्हणजे दोन्ही बाजूंनी पुस्तकं लागतात. अशा दुहेरी शेल्फला नेहमीच्या आकाराच्या पुस्तकांसाठी बारा इंच जाडी पुरते. दोन शेल्फांमध्ये जे खोपटं तयार होतं तिथे टेबल-खुर्ची टाकली की वाचकाला तीन बाजूंनी पुस्तकं. फळ्या शक्यतो कायमच्या ठोकलेल्या. वरखाली होणाऱ्या फळ्यांनी वेळ जातो आणि सांगाडा सैल पडतो. ठोकलेली फळी सांगाड्याला बळ देते. उंची शिडी लागणार नाही एवढीच. दोन पायऱ्यांचं, वीसेक इंचांचं, एका हाताने उचलता येईल असं लाकडी स्टूल पुरलं पाहिजे.

ठोकलेल्या फळीचा तोटा उंच पुस्तकं वाढली की कळतो. नकाशे, चित्रग्रंथ, सरकारी अहवाल त्या उंचीत बसत नाहीत. मग ती आडवी ठेवली जातात आणि एकावर एक रचलेल्या ढिगातलं खालचं पुस्तक कुणी मागत नाही. त्यासाठी तळाची फळी पहिल्यापासून उंच सोडावी लागते.

त्याच निबंधात कमी वापरल्या जाणाऱ्या पुस्तकांसाठी एक योजना आहे. खोली 28 फूट लांब, 10 फूट रुंद, नऊ फुटांहून थोडी उंच. मधोमध चार फुटांची वाट. दोन्ही बाजूंना आडव्या रुळांवर चाकांची 56 कपाटं, प्रत्येक तीन फूट रुंद, बारा इंच खोल, शेजारच्यापासून दोन इंचांवर. दांडा धरून हवं ते कपाट वाटेत ओढायचं, पुस्तक काढायचं, कपाट परत ढकलायचं. कपाटात 500 पुस्तकं, खोलीत 25,000. गुणाकार 28,000 येतो. चार वेळा अर्थमंत्री राहिलेल्या गृहस्थांनी तीन हजार हातचे राखलेले दिसतात. आजच्या सरकत्या कपाटांच्या मागे हाच विचार आहे. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात 2011 मध्ये वाचकांसाठी खुल्या झालेल्या तळघराला ‘ग्लॅडस्टन लिंक’ हे नाव दिलं गेलं ते याच कारणाने.

या योजनेत एक धोका आहे आणि तो आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत हमखास विसरला जातो. 25,000 पुस्तकं म्हणजे साडेबारा टन. 280 चौरस फूट म्हणजे सुमारे 26 चौरस मीटर. चौरस मीटरला जवळपास 480 किलो, आणि त्यात कपाटांचं लाकूड धरलेलं नाही. भारतीय मानकानुसार घराच्या जमिनीवर चौरस मीटरला साधारण 200 किलोचा भार गृहीत धरतात. ग्रंथालयाच्या साठवण खोलीला 2.2 मीटर उंचीपर्यंत 600 किलो, आणि वरच्या प्रत्येक मीटरला आणखी 200. म्हणून सरकती कपाटं तळमजल्यावरच, पक्क्या कोब्यावर. माडीवर ठेवायचीच असतील तर आधी इंजिनिअरला तुळया दाखवाव्यात.

पक्की इमारत

1895 मध्ये ग्लॅडस्टन यांनी विश्वस्त निधीत 40,000 पौंड ठेवले. 19 मे 1898 रोजी ते वारले. राष्ट्रीय स्मारक निधीतल्या 9,000 पौंडांतून चेस्टरचे वास्तुविशारद जॉन डग्लस यांच्या आराखड्यानुसार लाल वालुकाश्माची गॉथिक इमारत उभी राहिली. कोनशिला ऑक्टोबर 1899 ची, उद्घाटन 14 ऑक्टोबर 1902 चं. निवासी बाजू घराण्याच्या पैशातून 1906 मध्ये झाली. गावातल्या चर्चच्या संतावरून ठेवलेलं ‘सेंट डायनिओल्स लायब्ररी’ हे नाव 2010 मध्ये बदलून ‘ग्लॅडस्टन्स लायब्ररी’ झालं. इमारत आज पहिल्या श्रेणीच्या संरक्षित यादीत आहे. त्यामुळे साधी खिडकी बदलायची तरी परवानगी लागते, आणि दुरुस्तीचा खर्च नव्या इमारतीपेक्षा नेहमी चढाच राहतो.

राहणाऱ्यांचा दिवस

खोल्या 26. खोलीत टीव्ही नाही, वाय-फाय आहे. वाचनकक्षात ओक लाकडाचे खांब, वर सज्जा, खाली भिंतींतून पुढे आलेली शेल्फं आणि पूर्ण शांतता. बोलायचं असेल तर ‘ग्लॅडस्टन रूम’मध्ये जायचं, तिथे शेकोटी आहे, आरामखुर्च्या आहेत. चहा-जेवणाला वेगळं उपाहारगृह. छोटं प्रार्थनामंदिरही आहे, त्याची सक्ती नाही. बाहेरून आलेल्या वाचकांची वेळ संपली तरी निवासी वाचक रात्रीपर्यंत वाचनकक्षात बसू शकतो, आणि इथला खरा फायदा तोच. दिवसभर संदर्भ काढायचे आणि रात्री तीच पुस्तकं समोर ठेवून लिहायचं, हे दुसऱ्या कुठल्या ग्रंथालयात सहसा जमत नाही.

निवासी वाचकाला पुस्तक नोंद करून खोलीतही नेता येतं. अशा ठिकाणी गडबड होते ती इथेच, आणि तिचं कारण क्वचितच चोरी असतं. सकाळी निघायच्या घाईत पुस्तक उशाशी राहतं, खोली आवरणारी बाई ते सद्भावनेने जवळच्या शेल्फवर नेऊन ठेवते, आणि पुस्तक हरवल्यात जमा होतं. चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक न ठेवलेल्यापेक्षा वाईट. उपाय तीन. एक, काढलेल्या पुस्तकाच्या जागी नाव, खोली क्रमांक आणि तारीख लिहिलेली पट्टी ठेवणं. दोन, शेल्फवर पुस्तक परत ठेवायचं काम फक्त ग्रंथालयातल्या माणसांचं. बाकी सगळ्यांसाठी एकच परतीची गाडी. तीन, खोलीची किल्ली परत घेताना पुस्तकांची नोंद पाहणं. तिसरा नियम पाहुण्याला जरा टोचतो, पण सगळ्यांत उपयोगी तोच.

उष्णतेचा तिढा वेगळा आहे. माणसाला बसून वाचायला 20–21 अंश सेल्सिअस हवेत. जुन्या चामडी बांधण्यांना 16–18 आणि स्थिर आर्द्रता बरी. सज्जा असलेल्या दालनात गरम हवा वर चढते, म्हणून वरच्या शेल्फांवरचं चामडं आधी सुकतं आणि लालसर भुकटी सोडू लागतं. हाताला तांबूस पूड लागली की ते पुस्तक कण्याला धरून ओढू नये. दोन्ही बाजूंची पुस्तकं थोडी आत ढकलून मधलं मुठीत धरून काढावं. जास्त मोलाच्या प्रती खाली, बाहेरच्या भिंतीपासून दूर. निवासी इमारतीत न्हाणीघरं असतात, आणि पुस्तकांना आगीइतकीच भीती गळक्या नळाची असते. इथे निवास आणि ग्रंथालय एका छपराखाली असले तरी वेगवेगळ्या बाजूंना आहेत, हा डग्लस यांच्या आराखड्यातला मोठा शहाणपणा. साठवण खोलीच्या डोक्यावर मोरी असलेल्या इमारती आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत.

संग्रहात काय आहे

32,000 चा संग्रह वाढत दीड लाखाच्या पुढे गेला आहे. भर धर्मशास्त्र, इतिहास आणि एकोणिसाव्या शतकातल्या साहित्यावर. बिशप जॉन मूरमन यांचा फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संन्यासी पंथावरचा संग्रह अशाच देणगीतून आला. देणग्या घेताना असं ग्रंथालय विषयाला चिकटून राहिलं नाही तर त्याची रद्दी व्हायला वेळ लागत नाही. पन्नास कपाटं दिली की दात्याला आनंद होतो, आणि पुढची दहा वर्षं नोंदी करणाऱ्याचा जीव जातो.

इथलं सर्वांत मोलाचं मात्र छापील नाही. ग्लॅडस्टन हातात पेन्सिल घेऊन वाचत. लक्षात ठेवण्याजोग्या मजकुराशेजारी उभी रेघ, पटलं नाही पण पुरतं खोडताही येत नाही तिथे इटालियन ‘मा’, म्हणजे ‘पण’. शेवटच्या कोऱ्या पानावर त्यांनी स्वतःपुरती सूची केलेली असते : पानाचा आकडा आणि एक-दोन शब्द. 1825 पासून सत्तर वर्षं लिहिलेल्या त्यांच्या रोजनिशीत त्या दिवशी काय वाचलं याच्या नोंदी आहेत. रोजनिशीतली तारीख आणि समासातली रेघ जुळवली की एखादा राजकीय निर्णय घेताना या माणसाच्या टेबलावर कोणतं पुस्तक होतं, हे सांगता येतं. असा दुहेरी पुरावा फार थोड्या राजकारण्यांनी मागे ठेवला आहे.

म्हणूनच अशा पुस्तकांच्या दुरुस्तीत दोन गोष्टी वर्ज्य. समास रबराने साफ करायचा नाही. आणि नवी बांधणी करताना कडा कापायच्या नाहीत. बाइंडरच्या कटिंग मशीनने पाव इंच घेतला तरी निम्मी टिपणं जातात, आणि शेवटची कोरी पानं ‘खराब’ म्हणून बदलली तर सूचीही जाते. दुरुस्तीला पुस्तक पाठवताना हे दोन्ही चिठ्ठीवर लिहून सोबत द्यावं. तोंडी सांगितलेलं बाइंडरच्या दुकानात तिसऱ्या माणसापर्यंत पोचत नाही.

मराठी अभ्यासकालाही इथे यायला कारण आहे. व्हाइसरॉय लिटन यांच्या 1878 च्या देशी भाषा वृत्तपत्र कायद्यावर त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिटिश संसदेत ठराव मांडणारे ग्लॅडस्टनच होते. पुढे ग्लॅडस्टन यांच्या सरकारने पाठवलेल्या व्हाइसरॉय रिपन यांनी 1882 मध्ये तो कायदा मागे घेतला. मराठी वृत्तपत्रं त्या कायद्याच्या कचाट्यात होती.

कार्यक्रम

कार्यक्रमांचा हेतू गर्दी जमवणं हा नाही. रिकाम्या खोल्या भरणं आणि आलेल्याने परत यावं असं करणं, हा आहे. सप्टेंबरमध्ये ‘ग्लॅडफेस्ट’ हा साहित्यमेळावा 2013 पासून सुरू झाला. ‘हार्थ’ हा त्याचा लहान, घरगुती भाऊ, शेकोटीच्या खोलीत बसण्याचा. आठवड्याभरात ग्रीक, हिब्रू किंवा वेल्श भाषेची तोंडओळख करून देणारे निवासी वर्ग होतात. ग्लॅडस्टन आणि त्यांच्या काळावर काम करणाऱ्यांची ‘ग्लॅडस्टन अम्ब्रेला’ ही बैठकही भरते. व्यवस्थापनाच्या नजरेने यांत सर्वांत शहाणा कार्यक्रम भाषावर्गाचा. मेळाव्याचा श्रोता संध्याकाळी गाडी पकडून घरी जातो. वर्गाचा विद्यार्थी पाच रात्री राहतो, रोज तीन वेळा जेवतो आणि मधल्या वेळात पुस्तकं काढतो.

निवासी लेखकांची योजना मात्र मिळकतीची नाही. निवडलेल्या लेखकाला राहणं-जेवण, प्रवासखर्च आणि थोडं मानधन मिळतं. बदल्यात त्याने एक व्याख्यान द्यायचं, एक कार्यशाळा घ्यायची. लेखकाला संध्याकाळच्या जेवणाला इतर पाहुण्यांत बसवणं हे यातलं न लिहिलेलं कलम. पाहुणे त्यासाठीही येतात.

पैसा

40,000 पौंड ही 1895 मध्ये मोठी रक्कम होती. आज तेवढ्यात एका अनुभवी कर्मचाऱ्याचा वर्षाचा खर्च भागेल. निधीचं व्याज महागाईने खाल्लं की उरतात देणग्या, कार्यक्रम, उपाहारगृह आणि खोल्या. हिशेब मांडून पाहू : 26 खोल्या, 365 दिवस, म्हणजे वर्षाला 9,490 खोली-रात्री. साठ टक्के भरल्या असं धरलं तर 5,694. प्रमाण साठवरून पन्नास टक्क्यांवर घसरलं की 949 रात्रींचं भाडं गेलं, आणि त्याबरोबर नाश्ता-जेवणही. खर्च मात्र घसरत नाही. दालन तेवढंच तापवावं लागतं, छप्पर तेवढंच गळतं.

मार्च 2020 मध्ये या रचनेची कच्ची बाजू उघडी पडली. टाळेबंदीत ब्रिटनमधली ग्रंथालयं आणि हॉटेलं एकदमच बंद झाली. अनुदानावरचं ग्रंथालय अशा वेळी वाचक गमावतं, पण पगार निघतात. इथे वाचनकक्ष आणि गल्ला यांना एकाच दिवशी कुलूप लागलं. खोल्यांवर चालणाऱ्या कुठल्याही ग्रंथालयाने निदान सहा महिन्यांचा पगार वेगळा ठेवलेला असावा, आणि तो इमारत-दुरुस्तीच्या खात्यात मिसळू नये. छप्पर गळायला लागलं की हात पहिल्यांदा तिकडेच जातो.

घराण्याचे कागद

ग्लिन हे ग्लॅडस्टन यांच्या पत्नीचं घराणं. ग्लिन-ग्लॅडस्टन कागदपत्रांत विल्यम यांच्याबरोबर त्यांचे वडील जॉन ग्लॅडस्टन यांचाही व्यवहार आहे, आणि तो सुखाचा नाही. जॉन यांचे डेमेरारात, म्हणजे आजच्या गयानात, उसाचे मळे होते. गुलामगिरी संपल्यावर त्यांना 2,508 गुलामांपोटी 1,06,769 पौंडांची भरपाई मिळाली. गुलामांना काही नाही. मजूर कमी पडणार म्हणून त्यांनी 1836 मध्ये कलकत्त्याच्या गिलँडर्स, अर्बथनॉट कंपनीला पत्र लिहून माणसांची चौकशी केली. 1838 मध्ये ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्परस’ ही जहाजं सुमारे चारशे भारतीय करारबद्ध मजुरांना घेऊन तिथे पोचली. त्यांचं नावच ‘ग्लॅडस्टन कुली’ पडलं. ऑगस्ट 2023 मध्ये घराण्याच्या वंशजांनी गयानात जाऊन माफी मागितली. ज्या संपत्तीवर पुस्तकं उभी राहिली तिचे कागद त्याच संस्थेच्या अभ्यासविषयात येणं अवघड असतं. ते दडवले असते तर या ग्रंथालयाच्या इतिहासविभागाला काही अर्थ उरला नसता.

न्यूयॉर्कच्या कार्नेगी कॉर्पोरेशनच्या अर्थसाहाय्याने हस्तलिखित पत्रं आणि टिपणं असलेली पुस्तकं डिजिटल करण्याचं काम हाती घेतलं गेलं. त्यामुळे पत्रांसाठी गयानाच्या जॉर्जटाउनहून किंवा कोलकात्याहून हार्डनपर्यंत जायची गरज बरीच कमी होते. टिपणांचं तसं नाही. पेन्सिलची फिकी रेघ प्रतिमेत कागदाच्या डागात मिसळते आणि ती उभी रेघ आहे की घडीची खूण, हे पान उजेडाला तिरकं धरल्यावरच कळतं. त्यासाठी जाणाऱ्याने पुस्तकांचे क्रमांक यादीवरून आधीच कळवावेत, हस्तलिखितं हवी असतील तर ती कुठल्या ठिकाणी पाहायला मिळतील ते लेखी विचारून घ्यावं, आणि निदान तीन रात्रींचं आरक्षण करावं. मांडणी ग्लॅडस्टन यांच्या डोक्याने झालेली असल्याने पहिला दिवस ती समजण्यातच जातो.